काट्याला काय ठाऊक

चैत्रात खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा भरते तेव्हा गावाबाहेरच्या रानात उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर वाचत चालावं. तामिळनाडू, केरळ, आंध्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल. उतरणारी माणसं मात्र इथलीच, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, माण, खटाव या कोरड्या पट्ट्यातली. म्हातारीशी माणदेशीत बोलणारा गडी वळून पोराला तमिळमधून हाक मारतो. गुलाल अंगावर घ्यायचा, भावकीत दोन दिवस राहायचं, रानाकडे एक चक्कर मारायची आणि पुन्हा हजार मैलांवरच्या भट्टीपाशी जाऊन बसायचं, असा त्याचा वर्षाचा फेरा.

हे आमचे गलाईवाले. जुनं सोनं-चांदी वितळवून त्यातली भेसळ काढायची, शुद्ध धातूची लगड करून द्यायची, टंच म्हणजे शुद्धतेचं प्रमाण काढायचं, कारागिराच्या बैठकीखालची माती धुऊन तिच्यातला कण परत मिळवायचा, हा त्यांचा धंदा. या पुस्तकात त्यांनी सांगितलेल्या हकिकती आहेत. तालुक्यातल्या काही शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्या ऐकून उतरवून घेतल्या. प्रस्तावना लिहायला त्यांनी मला सांगितलं, याचं कारण मी एक उन्हाळा भट्टीशेजारी काढला आहे, एवढंच.

गलाईबद्दल आमच्याकडे आजवर जे बोललं जातं ते बहुतेक दोन सुरांत. एक सूर दुष्काळाचा: पाणी नाही, पीक नाही, म्हणून पोरं परमुलखात गेली. दुसरा सूर यशाचा: मोकळ्या हातानं गेलेल्यांनी बंगले बांधले, देवळांना कळस चढवले. दोन्ही खरे. पण दोन्हींत मधली तीस-चाळीस वर्षं गळतात. त्या वर्षांत माणूस रोज सकाळी उठून नेमकं काय करत होता, ते तो चांगलं का करत होता, आणि अनोळखी मुलखातला सराफ आपलं सोनं त्याच्या हातात ठेवून निर्धास्त घरी का जात होता? हे पुस्तक मला मोलाचं वाटतं ते या प्रश्नांसाठी.

माझे चुलते, तात्या, १९७२च्या दुष्काळात गाव सोडून गेले. त्याआधी ते दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि सुकडी खात होते. भावकीतला एकजण कोइमतूरला होता. त्यानं पत्र पाठवलं, तात्या मिरजेला जाऊन गाडीत बसले. पुढं त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. १९९१ साली दहावीची परीक्षा देऊन मी त्यांच्याकडे गेलो. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. कोपऱ्यात भट्टी, तिच्यावर धुराडं, भिंतीला लागून काचेची भांडी, मधोमध काचेच्या पेटीत काटा, आणि मागच्या बाजूला मोरी.

काम असं चाले. सराफाकडून मोडीचे दागिने येत. समोर वजन करून वहीत मांडायचं. मग मुशीत घालून, वर टंकणखार टाकून वितळवायचं. सोनं वितळायला १,०६४ अंश तापमान लागतं, चांदीला ९६१. ही आकडेवारी मला पुढं कॉलेजात कळली. तात्यांना ती ठाऊक नव्हती. ते मुशीतल्या रसाचा रंग बघत आणि सांगत, अजून जरा. बावीस कॅरटच्या शंभर ग्रॅम सोन्यात शुद्ध सोनं साडेएक्याण्णव ग्रॅमच्या आसपास असतं, बाकी तांबं आणि चांदी. ते बाकीचं काढायचं, तर उलटी वाट धरावी लागते. आधी त्यात आणखी चांदी मिसळायची, इतकी की सोनं पाव हिश्शाला यावं. सोनं जास्त राहिलं तर तेजाब आत पोचतच नाही, वरवरचं काम होतं. हा रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे आणि ते तेजाबात उकळायचे. भांड्यातून तांबूस-तपकिरी धूर उठतो, डोळे झोंबतात, घशात धातूची चव उतरते. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळून जातं. तळाशी जे उरतं ते बघून मी पहिल्या दिवशी घाबरलो होतो. काळपट तपकिरी भुकटी, ओल्या कॉफीच्या चोथ्यासारखी. हे सोनं.

आता ती भुकटी गरम पाण्यानं धुवायची. तेजाबाचा अंश राहता कामा नये, चांदीचा राहता कामा नये. धुतलेल्या पाण्यात मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडायचा. पाणी दुधासारखं गढुळलं तर चांदी अजून आहे, पुन्हा धुवा. नितळ राहिलं तर झालं. बाजूला काढलेल्या तेजाबात तांब्याचा पत्रा सोडला की विरघळलेली चांदी कापसासारखी पत्र्यावर धरते, तीही वाया जात नाही. सगळं कसब मधल्या धुण्यात आहे. भुकटी खाली बसेपर्यंत थांबायचं, मग वरचं पाणी असं ओतायचं की कण हलू नये. कान उघडे, मनगट सैल, नजर भांड्याच्या काठावर. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड असतं खरं, पण फार बारीक झालं की तेही पाण्याबरोबर जायला बघतं.

पंधरा दिवसांनी तात्यांनी मला धुवायला बसवलं. तिसऱ्या पाण्याला मी थांबलो नाही. बाहेर कुणीतरी हाक मारली होती आणि मला जायचं होतं. भांडं तिरकं केलं आणि पाणी मोरीत सोडलं. संध्याकाळी भुकटी वाळवून वितळवली, लगड काट्यावर ठेवली, आणि वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास कमी भरलं. वितळवण्यात थोडी घट धरलेलीच असते. तात्यांनी सराफाला घट सांगितली असती, तर त्यानं मानली असती. तात्यांनी आपल्या डबीतून तेवढं सोनं काढलं, पुन्हा तोललं, लगडीसोबत पुडीत बांधलं. मी म्हणालो, खरं सांगू की, माझ्याकडून सांडलं म्हणून. त्यांनी मान हलवली.

"काट्याला काय ठाव, पोरा, तू सांडलंस का म्या खाल्लं? कमी ते कमीच दावतोय त्यो."

त्यानंतर आठवडाभर त्यांनी मोरीतला गाळ खरवडून डब्यात साठवला आणि धुऊन त्यातलं थोडंफार परत मिळवलं. मला महिनाभर भांड्याला हात लावू दिला नाही. रागानं नव्हे. फक्त बसून पाणी नितळताना बघायचं, एवढंच काम दिलं.

त्यांचं ते एक वाक्य मी तीस-पस्तीस वर्षं सोबत घेऊन फिरतो आहे. शाळामास्तर झालो, मग प्रशिक्षणांना गेलो, तिथं कामाच्या गुणवत्तेवर व्याख्यानं ऐकली. प्रत्येक ठिकाणी फळ्यावर दोन वेगळे रकाने आखलेले असत: एकात कौशल्य, दुसऱ्यात मूल्यं. जणू कौशल्य शिकवायचा तास वेगळा आणि प्रामाणिकपणाचा वेगळा. गलाईच्या दुकानात अशी वाटणी करताच येत नाही. अडाणी हातानं घालवलेलं सोनं आणि चोरट्या हातानं खाल्लेलं सोनं काट्यावर एकसारखं दिसतं. म्हणून ज्याला सचोटीचा म्हणवून घ्यायचं आहे त्याला हात बसवावाच लागतो. "माझी नीयत साफ आहे, फक्त धुताना चूक झाली" ही सबब इथं चालत नाही. आणि ज्याचा हात बसला आहे, त्याला नुसत्या हातावर पोट भरता येत नाही. कारण त्याच हातानं किती लांबवता येईल हे सराफालाही ठाऊक असतं. कसब वाढलं की संशयही वाढतो, आणि त्याला उत्तर फक्त वागणुकीतून देता येतं.

अभ्यासकांनी याच्या जवळपास जाणारं काही म्हटलं आहे. व्हिक्टर व्रूम या मानसशास्त्रज्ञानं १९६४ साली मांडलं की क्षमता आणि प्रेरणा यांची बेरीज करू नये, गुणाकार करावा. एक शून्य असेल तर दुसरं कितीही मोठं असो, हाती शून्यच येतं. डेव्हिड मॅक्लेलंडनं १९७३ साली बुद्धीच्या चाचण्यांवर बोट ठेवलं आणि सांगितलं की माणूस प्रत्यक्ष काम कसं करतो ते तपासा, परीक्षेतले गुण नका मोजू. आमच्या तात्यांसारख्या सातवी शिकलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटलं असतं. पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती मेल्विन ब्लमबर्ग आणि चार्ल्स प्रिंगल यांनी १९८२ साली केलेली तक्रार. ते म्हणाले, तुम्ही क्षमता बघता, इच्छा बघता, आणि माणसाला संधी होती का हे विसरता. हे वाचताना मला खडी फोडणारे तात्या दिसले. त्यांचे हात तेच होते, नीयतही तीच होती. १९७२च्या दुष्काळात त्या दोन्हींची किंमत एक वाटी सुकडी होती. भावकीतलं एक पत्र आलं आणि त्याच हातांना सराफ सोनं सोपवू लागले. आमच्याकडे गुणांची कमतरता कधीच नव्हती. कमतरता होती ती वाव मिळण्याची.

नजरेबद्दलही एक सांगायचं राहिलं. दुपारच्या वेळी एक तरुण दुकानात आला, गळ्यातली साखळी मोडायची म्हणाला. भाव फार घासला नाही, घाईत होता. तात्यांनी साखळी हातात घेतली, टोकाकडे बघितलं आणि परत दिली. म्हणाले, आज भट्टी बंद आहे. भट्टी मागं धगधगत होती. तो गेल्यावर त्यांनी मला समजावलं की साखळी कडीपाशी उघडलेली नव्हती, मधे तुटलेली होती आणि तुटल्या जागी ओढून लांबलेली होती. गळ्यातून हिसकलेल्या साखळीला तसं होतं. गलाईवाल्याच्या आयुष्यात चोरीचा माल घेतल्याच्या आरोपाची (भारतीय दंड संहितेत २०२४पर्यंत हे ४११ कलम होतं) भीती कायम असते. आरोपी एखाद्या दुकानाकडे बोट दाखवतो आणि परमुलखातला, भाषा अर्धवट येणारा माणूस पोलिसांसमोर उभा राहतो. या पुस्तकातल्या काही हकिकतींत अशा चौकशीच्या रात्री सांगितल्या आहेत, त्या वाचताना मला मध्येच पान मिटावं लागलं. पण तात्यांची नकाराची ती घडी आठवून बघा. तुटकं टोक ओळखणं हे कसब. समोर आलेला फायदा परत करणं ही नीती. दोन्ही एका श्वासात झालं. आधी कुठलं, नंतर कुठलं, हे सांगता येत नाही.

याच मातीत, आटपाडीजवळच, कामाचा आणखी एक मोठा प्रयोग झाला. तो सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आटपाडी त्या वेळी औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन या तिघांच्या विचारातून १९३९च्या सुमारास स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही. शिक्षा झालेली माणसं तिथं घर करून राहतात, शेत कसतात, बायकामुलंही सोबत येऊ शकतात. शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी हा विषय कथेत आणला आणि १९५७ साली व्ही. शांतारामांनी त्यावर 'दो आँखें बारह हाथ' केला. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. सिनेमा सगळ्यांना ठाऊक असतो, आटपाडी क्वचित कुणाला.

स्वतंत्रपुरानं माझ्या मनातला एक समज मोडला. आपण धरून चालतो की माणूस मूल्यं घेऊन कामावर येतो, आणि ती नसतील तर त्याला कामावर ठेवू नये. स्वतंत्रपुरात आलेल्यांच्या हातून तर गंभीर गुन्हे घडून गेलेले. त्यांना आधी चांगलं व्हा आणि मग शेत देतो, असं कुणी म्हटलं नाही. आधी शेत दिलं. पिकाला पाणी वेळेवर द्यावं लागतं, बैलाची वैरण चुकवून चालत नाही, पेरणी उद्यावर ढकलता येत नाही. भरवसा ठेवण्याजोगा माणूस त्या कामातूनच घडत गेला. मी मोरीत सोडलेल्या पाण्याच्या बाबतीतही हेच झालं होतं. तात्यांनी मला प्रामाणिकपणावर भाषण दिलं नाही. पाणी नितळताना बघत बसवलं.

इथं मला थांबून एक कठोर गोष्ट लिहायची आहे. कामावरची निष्ठा, इमान, कष्ट हे शब्द फार वेळा वरून खाली फेकले गेले आहेत. याच आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. पुढं ते वकील झाले, लेखक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे वडील गावचं तराळकीचं काम करणारे. हाक येईल तेव्हा, रात्री-अपरात्री धावायचं, गावाचा निरोप पोचवायचा, आणि बदल्यात मिळेल ते शिळंपाकं. त्यांचं आत्मकथन 'तराळ-अंतराळ' वाचल्यावर इमान या शब्दाकडे मला पूर्वीसारखं बघता आलं नाही. तराळाच्या इमानाची पारख गाव रोज करत होतं. गावाच्या इमानाची पारख करायला मात्र काटाच नव्हता.

गलाईतही हा दोष आहे, आणि तो लपवून प्रस्तावना लिहिणं म्हणजे घट चोरण्यासारखं होईल. धंदा भावकीवर उभा राहिला, त्यामुळे विश्वास आपोआप आला. पण "घरचाच आहेस की" म्हणत पोरांना पहिली काही वर्षं जेवणखाण आणि कपड्यावर राबवून घेणंही भावकीतूनच आलं. मिसरूड न फुटलेली मुलं तेजाबाच्या धुरात बसली. तोंडाला ओला रुमाल, यापलीकडे काही नाही. म्हातारपणी दम लागणारी, रात्री खोकत उठणारी माणसं आमच्या गावागावांत आहेत. त्यांच्या फुफ्फुसांची तूट कुठल्या वहीत लिहिली गेली? कामगारानं दुसऱ्याचा कणही राखावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण मग मालकानं त्याचा श्वास राखला पाहिजे, धुराड्याला पंखा बसवला पाहिजे, पगार महिन्याच्या महिन्याला हातावर ठेवला पाहिजे. हे मागायला कुणी बंडखोर असावं लागत नाही. काही दुकानांत हे होऊ लागलं आहे आणि ते या पुस्तकातल्या तरुणांच्या बोलण्यात दिसतं. त्यांना नोंद हवी, सुट्टी हवी, मुखवटा हवा. जुनी माणसं याला नाजूकपणा म्हणतात. मला त्यात जुन्यांपेक्षा जास्त जबाबदारी दिसते.

यंत्रांबद्दल थोडक्यात. आज दुकानात क्ष-किरणांचं यंत्र असतं, दागिना आत ठेवला की अर्ध्या मिनिटात टंच पडद्यावर येतो. जून २०२१पासून देशातल्या निवडक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, पुढं जिल्हे वाढत गेले. यामुळे कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सांगणाऱ्याची गरज संपली, असं वाटेल. पण ते किरण वरचा थरच वाचतात. आत दुसरा धातू भरून वर जाड सोनं चढवलं असेल तर यंत्र फसतं, आणि खात्री करायची तर नमुना कापून पुन्हा आगीतच जावं लागतं. शिवाय यंत्रासमोर काय ठेवायचं आणि पडद्यावरचा आकडा गिऱ्हाईकाला कसा सांगायचा, हे माणसाच्याच हातात राहिलं आहे.

टेंभू योजनेचं पाणी आता आटपाडी तालुक्यात फिरतं आहे. डाळिंबाच्या बागा आहेत, काही कुटुंबं परतली आहेत. पुढच्या पिढीला भट्टीपाशी बसावंच लागेल असं नाही, आणि बसावं लागू नये. म्हणूनच या हकिकती आत्ता लिहून ठेवणं गरजेचं होतं. हातातली विद्या हात थकले की जाते.

या हकिकती उतरवणाऱ्यांना मी एकच सुचवलं होतं, की माणसाला त्याच्या यशाबद्दल विचारू नका, त्याच्या सकाळबद्दल विचारा. त्यांनी ते मनावर घेतलं. त्यामुळे इथं मुशीचे तडे आहेत, जुनी मूस फोडून कुटून तिच्यातला कण काढणं आहे, कामाचं फडकं जाळून त्याची राख धुणं आहे, सराफाच्या मुलाच्या लग्नात पंगतीला पहिलं बोलावणं आलं म्हणून रडलेला माणूस आहे.

तात्या आता गावी असतात. दृष्टी अधू झाली आहे, म्हणून मागच्या महिन्यात हस्तलिखित मीच त्यांना वाचून दाखवत होतो. एका हकिकतीत सांगणारा म्हणतो की त्यानं भुकटी धुतली आणि सोनं स्वच्छ झालं. तात्यांनी हात वर केला.

"किती पाणी दिलं त्यानं?"

लिहिलेलं नव्हतं. मी पुढं वाचू लागलो तर ऐकेनात. त्या माणसाला तिथल्या तिथं फोन लावायला लावला. तो दूर, भर दुपारच्या कामात. मी प्रश्न विचारला, पलीकडे क्षणभर शांतता, मग उत्तर आलं. मी फोन बाजूला धरून सांगितलं, पाच.

"मिठाचा थेंब?"

तोही टाकतो म्हणाला.

तात्या भिंतीला टेकले. "मंग खरा माणूस हाय," ते म्हणाले. "पुढं वाच."